आईबद्दल लिहायला बसले की ती कुणाचीही आई होते

समासातली:

आई जाऊन पाच महिने झाले. वय 76. सांत्वन नको आहे, ते भरपूर मिळालं. एका अडचणीत मदत हवी आहे.

घरातल्यांसाठी, खरं तर मुलांसाठी, तिच्यावर आठ-दहा पानं लिहून ठेवायची असं ठरवलं. मुलगी 14 वर्षांची आहे, मुलगा 3 वर्षं 2 महिन्यांचा. गेल्या रविवारी पहिली दोन पानं झाली म्हणून मुलीला वाचायला दिली. तिने शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "ही कुठली आजी?"

मग मीही पुन्हा वाचलं. 'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. मुलांसाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. नातवंडं म्हणजे जीव की प्राण.' यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि ती बाई मात्र त्यात कुठेच नाही. शेजारच्या काकूंच्या फोटोखाली हेच छापलं तरी कुणाला चूक सापडणार नाही.

त्यातून माझी आई मुद्रितशोधक होती हो! 31 वर्षं एका छापखान्यात प्रुफं वाचली. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात लागली, मजकूर संगणकावर लागायला लागला त्यानंतरही टिकली. शाळेत अनुच्चारित अनुस्वार द्यायला शिकली आणि 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर जन्मभर तेच अनुस्वार खोडत बसली. केसांच्या गाठीत कायम एक लाल-निळी पेन्सिल, दोन्हीकडून ब्लेडने तासलेली. तिच्यापुढे ही दोन पानं ठेवली असती तर काय झालं असतं ते मला पाठ आहे. लेखकाच्या शब्दाला प्रुफं वाचणाऱ्याने हात लावायचा नसतो, शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करून ठेवायचं. माझ्या 'सोशिक'समोर तिने चांगलं टपोरं प्रश्नचिन्ह काढलं असतं.

तीन ठिकाणी अडले आहे. एक तर हेच, वर सांगितलेलं. दुसरं म्हणजे आईचा अबोला. ती चिडली की ओरडायची नाही, बोलणं बंद करायची, दिवसचे दिवस. हे लिहायचं का? ताई म्हणते, अजिबात नाही, गेलेल्या माणसाबद्दल असलं काही लिहून ठेवू नये. तिसरं धाकट्याचं. त्याला आजी आठवणारच नाही ना? पहिल्या दोन गोष्टींनी चिडचिड होते, या तिसरीने झोप जाते.


पायवाट:

सगळी विशेषणं एका कागदावर उतरवून काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, 'म्हणजे काय करायची?'

मी वडिलांच्या आईवर लिहिताना 'काटकसरी' लिहिलं होतं. म्हणजे काय करायची? तर संपलेली टूथपेस्ट कात्रीने उभी चिरायची आणि आत ब्रश फिरवायची. आलेल्या पाकिटांची पोटं उलगडून त्यावर हिशेब करायची. एवढं लिहिलं आणि 'काटकसरी' आपोआप गळून पडलं. जे विशेषण या प्रश्नाला उत्तर देत नाही ते तुमचं नाहीच, कुठल्या तरी दुसऱ्याच मजकुरातून आलंय.


खडूफळा:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण लहान मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली.

ताई, तुमची भीती चुकीची नाही. मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली तर ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याच्या आधीचं बहुतेकांचं पुसलेलं असतं. पण ते कधी पुसलं जातं हे बघा. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या दोघींनी 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं तीन वर्षांची असताना आयांनी त्यांच्याशी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल गप्पा मारल्या, त्या नोंदवून ठेवल्या. पुढे मुलं मोठी झाल्यावर त्याच प्रसंगांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातलं 60 टक्क्यांहून जास्त आठवत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 40 टक्क्यांहून कमी.

म्हणजे तुमच्या मुलाच्या डोक्यात आजी आत्ता आहे. ती हळूहळू निसटेल, पण आज निसटलेली नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया मुलाला 'अजून सांग ना', 'मग काय झालं?' म्हणत त्याच्या मागे मागे जात होत्या, त्यांच्या मुलांना पुढे जास्त तपशिलात आठवलं. म्हणून 'आजी आठवते का रे?' अशी परीक्षा घेऊ नका. ती घेतली की मूल 'हो' म्हणतं आणि पळून जातं. आजीची एखादी वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. तो जे बोलेल ते तारखेसकट, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. नातवाची साक्ष म्हणून ते पान तुमच्या दहा पानांत शोभेल.


मधलाभाऊ:

मी तुमच्या ताईंच्या बाजूने बोलणार आहे. पूर्ण त्यांच्या बाजूने नाही, पण बोलणार आहे.

आम्ही तीन भावंडं. आई गेल्यावर एकदा रात्रभर बोलत बसलो तर तीन वेगळ्या बायका समोर आल्या. दादाची आई 22 वर्षांची होती, प्रत्येक शिंकेला घाबरणारी. माझी आई नोकरीला लागलेली, संध्याकाळी घरी येणारी. धाकटीची आई 36 ची, दमलेली, आणि दमल्यामुळेच सैल पडलेली. धाकटीला जे हसत परवानगी देऊन मिळालं त्यासाठी दादाने मार खाल्ला होता. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

शिवाय आठवण म्हणजे काही कपाटातून जशीच्या तशी काढलेली वस्तू नव्हे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक परक्या मुलखातली लोककथा वाचायला दिली होती आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती. जे विचित्र वाटलं ते लोकांनी गाळलं, जे परकं होतं ते ओळखीचं करून टाकलं. वल्हवायची होडी होती ती साधी बोट झाली. आपण आपल्या आयांचं हेच करतो. कुणी तिची देवी करतो, कुणी तिच्यावरचा जुना खटला चालू ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अबोल्याचं लिहा, पण 'माझ्याशी' हा शब्द घाला. 'आई अबोला धरायची' हे तुमच्या ताईंच्या लेखी कदाचित साफ खोटं असेल. एकदा विचारून बघा.


समासातली:

मधलाभाऊ, विचारलं. ताई म्हणाली, "माझ्याशी तिने एकदाही अबोला धरला नाही. मला ती ओरडायची." मी आईला ओरडताना जन्मात ऐकलेलं नाही! 44 वर्षांची झाले आणि आज कळलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. म्हणजे मधल्या सात वर्षांत कधीतरी आईने ओरडणं सोडलं आणि गप्प बसणं सुरू केलं. का, ते आता कोण सांगणार.

पायवाट यांचं 'म्हणजे काय करायची' करून पाहिलं. 'नातवंडांवर जीव' समोर लिहायला लागले आणि थांबताच येईना, म्हणून थोडं इथेच उतरवते.

छापखान्यात प्रुफं दोघींनी मिळून वाचायची पद्धत होती. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रुफावर डोळा ठेवायचा. वाचणारीने विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. सुरुवातीची काही वर्षं आई मोठ्याने वाचणारी होती आणि ती सवय तिच्या जिभेवरून कधी गेलीच नाही. आम्हाला गोष्ट सांगायची तीसुद्धा अशी: "एक होता राजा पूर्णविराम त्याला होत्या दोन राण्या स्वल्पविराम एक आवडती स्वल्पविराम एक नावडती पूर्णविराम." राक्षस आला की उद्गारचिन्ह. आम्हाला वाटायचं गोष्टी अशाच असतात. मी शाळेत पहिल्यांदा गोष्ट सांगायला उभी राहिले तेव्हा वर्ग का हसतोय तेच कळेना.

मुलगी झाल्यावर तीन महिन्यांनी मी कामावर परत गेले, तेव्हापासून ती सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आईकडे. सहा वर्षं. आईचं निवृत्तीचं सगळं मोकळेपण माझ्या मुलीने खाल्लं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुझा काही दुसरा बेत होता का. (हे वाक्य मी पानात लिहिणार आहे. ताईची हरकत आली तरी.) मुलगी बोलायला लागली तीही विरामचिन्हांसकट. जिन्यात दमून थांबली की म्हणायची, "स्वल्पविराम."

शेवटची दीड-दोन वर्षं आईचे डोळे गेले. पडद्याच्या मधल्या भागाचा आजार, त्यात कडेचं दिसतं आणि मधलं जातं. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. म्हणून ती बोलताना मान वळवून आपल्या बाजूला बघायची, आणि नवख्याला वाटायचं ही आपल्याकडे लक्षच देत नाही. अक्षर तर गेलंच. मग मुलगी शाळेतून आल्यावर तिला वाचून दाखवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद. मधेच आई म्हणायची, "थांब, तिथे अर्धविराम असणार, नीट बघ." आणि असायचा.

आता अबोल्याचं. मी 19 वर्षांची असताना शिक्षण मधेच सोडलं, घरी न सांगता. आईला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी मी दोन पानी माफीचं पत्र लिहून तिच्या उशीखाली ठेवलं. सकाळी ते माझ्या टेबलावर परत आलेलं. लाल पेन्सिलने चार ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले, एक 'आणि' खोडलेला, आणि तळाशी: 'दुरुस्तीनंतर छापण्यास हरकत नाही.'

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. आता सांगा, हे गाळू?


पायवाट:

तुम्ही अडला आहात असं आता मला वाटत नाही.


जुनीरीळ:

मी जुन्या ध्वनिफिती आणि कागद जपण्याच्या कामात होतो, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो.

पहिलं म्हणजे, आईंचं कपाट, टेबल, खण अजून आवरले नसतील तर हात लावण्यापूर्वी जसे आहेत तसे फोटो काढा. खण उघडून, वरून. कशाशेजारी काय ठेवलं होतं हीसुद्धा माहिती असते आणि आवरलं की ती कायमची जाते. पुराभिलेखात काम करणारे मूळ क्रमाला उगाच एवढे जपत नाहीत.

फोटोंचे जुने चिकट पानांचे अल्बम असतील तर आधी पूर्ण पानाचा फोटो घ्या. मग फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा बारीक दोरा त्याच्यामागून करवतीसारखा सरकवा. निघत नसेल तर राहू द्या आणि पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, पुरे. मागे नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. तुमच्या घरी पेन्सिलींचा तुटवडा नसावा.

आवाज. फोनमध्ये आईंच्या व्हॉइस नोट असतील तर आजच बाहेर काढा. लोक फोन बदलतात आणि मग रडत येतात. एकेक नोट वेगळी फाइल म्हणून जपा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि तीनपैकी एक प्रत दुसऱ्या घरात. 'पोचलीस का' एवढंच म्हटलेली सहा सेकंदांची नोटही टाकून देऊ नका. भाषणं सगळ्यांकडे असतात, 'पोचलीस का' नसतं.

आणि जिवंत माणसं. आईंच्या बरोबरीचं कुणी असेल, बहीण, मैत्रीण, छापखान्यातली जोडीदारीण, तर त्यांच्याकडे लवकर जा. माणसाला म्हातारपणी सर्वांत जास्त आठवतं ते साधारण 10 ते 30 या वयातलं. त्या वयातली तुमची आई तुम्ही पाहिलेलीच नाही, ती त्यांच्याकडे आहे. 'ती कशी होती?' असं विचारू नका, उत्तर 'फार चांगली' येईल. फोटो पुढे ठेवा आणि विचारा, तुम्ही दोघी कुठे बसायचात, खिडकी कुठल्या बाजूला होती. खिडकीपासून सुरुवात केली की पुढचं आपोआप येतं. रेकॉर्डिंग त्यांना विचारून चालू करा आणि त्या गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प राहा. निम्म्या चांगल्या गोष्टी त्या गप्पपणानंतर येतात.


कुतूहल:

थोडं विषयांतर, पण आजी या प्राण्याबद्दल आहे.

मूल होण्याचं वय उलटल्यावरही माणसाच्या मादीने इतकी वर्षं का जगावं, हा उत्क्रांतीतला जुना पेच आहे. जॉर्ज विल्यम्स यांनी 1957 साली सुचवलं की उतारवयात स्वतःला नवं मूल होण्यापेक्षा असलेल्या मुलांकडे लक्ष देणं फायद्याचं ठरत असावं. पुढे क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत राहून मोजमाप केलं. एरवी मुलाचं वजन आई किती कंदमुळं खणून आणते त्यावर वाढायचं. पण आईला नवं बाळ झालं की मोठ्या मुलाचं वजन आजी किती खणते त्याच्याशी जुळायला लागायचं. 2004 साली फिनलंड आणि कॅनडातल्या 18 व्या-19 व्या शतकातल्या नोंदींवरून दिसलं की पन्नाशीनंतर बाई जितकी जगली त्यातल्या दर दहा वर्षांमागे साधारण दोन नातवंडं जास्त.

आणखी एक. मुलीच्या शरीरातली बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे समासातली ताई ज्या बीजांडातून झाल्या ते त्यांची आई त्यांच्या आजीच्या पोटात असताना तयार झालेलं होतं. पत्ता तिथला.


समासातली:

कुतूहल, आईला सांगितलं असतं की तुझा उपयोग शास्त्राने सिद्ध झालाय, तर तिने आधी 'सिद्ध' कसा छापलाय ते बघितलं असतं. पण मुलीला तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मीसुद्धा आजीच्या पोटात होते." हो बाई, होतीस.

जुनीरीळ, 212 नोट निघाल्या. तीन प्रती झाल्या, एक ताईकडे. ऐकल्या नाहीत अजून. ऐकेन.


दोनचष्मे:

मी 71 वर्षांची, तीन नातवंडांची आजी, म्हणजे ज्यांच्यावर लिहिलं जातं त्या पक्षाची. आमच्या पक्षाचं कुणी इथे बोललेलं दिसत नाही म्हणून लिहिते आहे. लेकीच्या वयाची आहेस, एकेरी बोलते, रागावू नकोस.

नातवंडांवर जीव असतो, त्यात शंका नाही. पण दुपारी ती झोपली की मी घड्याळाकडे बघते, हेही तितकंच खरं आहे. कंटाळा येतो गं. पाठ धरते. एकच गोष्ट चौदाव्यांदा सांगताना मी मधला भाग गाळते आणि दर वेळी पकडली जाते. धाकट्या नातीवर मी एकदा इतकी ओरडले होते की बाथरूममध्ये जाऊन माझी मीच रडले. हे माझ्या घरात कुणाला माहीत नाही, तुम्हाला माहीत झालं.

मी गेल्यावर मुलं लिहितील की आईने स्वतःसाठी कधी काही केलं नाही. तू हे वाक्य लिहू नकोस, एवढं माझं ऐक. ते वाक्य वाचलं की वाटतं, यांनी कधी बघितलंच नाही आपल्याकडे. मी रोज संध्याकाळी 40 मिनिटं एकटी चालायला जाते. घरच्यांना वाटतं साखरेसाठी. डॉक्टरांनी 20 मिनिटं सांगितली आहेत. उरलेली वीस माझी आहेत. एका बाकावर बसते आणि काहीही करत नाही.

तुझ्या आईलाही अशी वीस मिनिटं असणार. ती कुठे होती ते शोध.


समासातली:

आज जरा मोठं लिहिते, मग हा धागा सोडते, कारण पानं लिहायची आहेत.

दोनचष्मे काकू, सापडली. वीस नाही, तीस.

जुनीरीळ यांनी सांगितलं म्हणून आईच्या जोडीदारणीकडे गेले. प्रुफं वाचायला या मावशी आणि आई समोरासमोर बसायच्या, 17 वर्षं. आता त्यांचं वय 80 आहे, कान जरा कमी झालेत, आवाज अजून खणखणीत. मी खिडकीपासूनच सुरुवात केली. खिडकी आईच्या डाव्या हाताला होती, कारण उजेड डावीकडून आला की लिहिणाऱ्या हाताची सावली प्रुफावर पडत नाही. त्यावरून जागेसाठी दोघींचं पहिलं भांडण झालेलं. आई जिंकली. (सोशिक म्हणे!)

मग मावशी जरा थांबल्या. मीही थांबले, सांगितल्याप्रमाणे. आणि त्या म्हणाल्या, "सुटल्यावर ती लगेच निघायची नाही, तुला माहीत असेलच." मला कुठलं माहीत असायला! छापखाना सहाला सुटायचा. आई आम्हाला सांगायची साडेसहाला सुटतो. तो अर्धा तास ती रिकाम्या खोलीत बसून कादंबऱ्यांची प्रुफं वाचायची. दुरुस्त्या करायला नाही, नुसती वाचायला. दिवसभर अक्षरं बघायची, अर्थ लावायचा नाही, कारण गोष्टीत गुंतलं की चुका सुटतात, असं मावशी म्हणाल्या. म्हणून सहानंतर तीच पानं पुन्हा घ्यायची आणि गोष्ट वाचायची. पुस्तक छापून यायच्या आत तिला शेवट माहीत असायचा. ताई आणि मी दारात उभ्या राहून वाट बघायचो तो अर्धा तास.

मला राग यायला हवा होता का? नाही आला. हसू आलं, आणि मग बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

दुसरं, टेबलाचा खण. आवरायच्या आधी फोटो काढला तेव्हा पेन्सिलींच्या डब्याखाली एक पातळ वही दिसली. मुलीच्या बोलण्याची, ती दीड वर्षाची झाली तेव्हापासूनची. पान उभं दुभागलेलं. डाव्या रकान्यावर 'अशुद्ध', उजव्यावर 'शुद्ध', पुस्तकाच्या मागे शुद्धिपत्र असतं तसं. डावीकडे तारीख आणि शब्द: फुपाखलू. चमशा. हेकॉप्टर. 'मला थंडी लागली' याला 'मला वारा चावला.' चार पानं भरलेली आहेत. उजवा रकाना चारही पानांवर कोरा आहे.

वहीचं शेवटचं पान धाकट्याचं आहे, त्यावर दोनच शब्द. अक्षर वेडंवाकडं, एकमेकांवर चढलेलं, म्हणजे डोळे गेल्यावर चाचपत लिहिलेलं. वाचता येत नाही. मुलीने भिंग लावून प्रयत्न केला, मीही केला. राहू दे म्हटलं.

खडूफळा ताई, तुम्ही सांगितलं तसं धाकट्याच्या हातात लाल-निळी पेन्सिल दिली आणि गप्प बसले. त्याने ती आधी उलटी केली, मग सुलटी केली. मग केसांत खोचायला गेला, ती पडली. परत खोचली, परत पडली. म्हणाला, "माझे केस आजी नाहीत." मी तारखेसकट लिहून ठेवलंय, काहीही दुरुस्त न करता.

पहिलं पान नव्याने लिहिलं. त्याची सुरुवात अशी आहे:

'आमच्या आजीच्या गोष्टीतला राजा कधी नुसता मरत नसे. तो मरे आणि पूर्णविराम होई. ती दिवसाला सोळा सोळा पानं वाचायची आणि त्यांत काय लिहिलंय ते सहा वाजेपर्यंत स्वतःला कळू द्यायची नाही. सहा ते साडेसहा ती कुणाची आई नव्हती. साडेसहानंतर घरी यायची, केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवायची आणि आमच्या वह्या मागायची. माझ्याशी तिने एकदा तीन दिवस अबोला धरला होता.'

मुलीने वाचलं. आजी कुठली ते या वेळी विचारलं नाही. 'सोळा सोळा'मध्ये जोडरेघ हवी का, एवढंच विचारलं.

मग ते पान ताईला पाठवलं, छापून, टपालाने, कारण तिला पडद्यावर वाचायला आवडत नाही. मनात धाकधूक होती. काल परत आलं. आईची दुसरी पेन्सिल ताईकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. एक अनुस्वार घातलाय, एक 'होती' खोडलाय. अबोल्याच्या वाक्याला हात लावलेला नाही. समासात बाण काढून फक्त लिहिलंय: 'तीन नाही, चार. मी घरी होते.'